शिकणं संपत नाही : दात स्वच्छ करणाऱ्यांचं शिक्षण आणि आपण



आज एका प्रश्नाने सुरुवात करू या. मैदानावर खेळताना एखाद्या मुलाचा समोरचा पक्का दात मुळासकट निखळून पडला, तर तुम्ही काय कराल?

काही वर्षांपूर्वी हा प्रसंग माझ्यावर आला. आमची शाळा भिवंडीतली, आजूबाजूला यंत्रमागांचा खडखडाट. मधल्या सुट्टीत सहावीतला एक मुलगा पायरीवर तोंडावर आपटला. मी दात उचलला, नळाखाली चोळून चोळून धुतला, कापसात गुंडाळला आणि घरी निरोप धाडला. वडील कारखान्यात पाळीवर होते. ते येऊन दवाखान्यात पोहोचेपर्यंत दोन तास उलटले. दात वाचला नाही.

दवाखान्यात दातांची सफाई करणाऱ्या ताई होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, मुळावर जिवंत पेशींचा पातळ थर असतो. तुम्ही तोच चोळून काढलात. दात दुधात टाकून लगेच आणायचा होता." मी म्हटलं, "आम्हाला तर प्रशिक्षणात स्वच्छ धुवा असंच सांगितलं होतं." त्या म्हणाल्या, "मलाही हे नंतरच्या एका कार्यशाळेत कळलं."

हे वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. माझी काळजी खरी होती, पण ज्ञान जुनं होतं. त्याची किंमत त्या मुलाने मोजली.

हे काम करणारे कोण?

त्यांना डेंटल हायजिनिस्ट म्हणतात. आपल्या देशात १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने या व्यवसायाला वेगळी ओळख दिली. दातांवरचा कीट काढणं, दात साफ करून चकचकीत करणं आणि तोंडाच्या स्वच्छतेची माहिती देणं, ही त्यांची कामं. यातलं शेवटचं काम नीट पाहा. ते शिकवण्याचं आहे. म्हणजे ही माणसं एका अर्थी आपलीच भावकी!

या व्यवसायाचा जन्मही शाळेशी जोडलेला आहे. अमेरिकेतल्या ब्रिजपोर्ट गावी डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ मध्ये आपल्या मदतनीस आयरीन न्यूमन यांना हे काम शिकवलं. १९१३ मध्ये त्यांनी त्यासाठी शाळाच काढली. तिथून शिकून निघालेल्या अनेक जणी गावातल्या शाळांमध्ये मुलांचे दात तपासायला आणि साफ करायला गेल्या. आपण लहान मुलांना ब्रश गोल गोल फिरवायला शिकवतो, ती पद्धत फोन्स यांच्याच नावाने ओळखली जाते.

आपल्याकडे हायजिनिस्ट कमी आहेत. बहुतेक दवाखान्यांत हे काम डॉक्टर स्वतःच करतात.

एकदा शिकलं की पुरत नाही का?

नाही पुरत. सल्ला कसा बदलत गेला ते पाहा.

१. पेस्ट किती घ्यायची? जाहिरातीत ब्रशभर पेस्ट दिसते. आजचा सल्ला असा आहे : तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. ब्रश झाल्यावर फेस थुंकायचा, पण खळखळून चुळा भरायच्या नाहीत, म्हणजे पेस्टमधलं फ्लोराइड दातांवर काही वेळ राहतं.

२. हातमोजे. १९८० च्या दशकात एचआयव्हीची ओळख पटली आणि त्यानंतर प्रत्येक रुग्णासाठी नवे हातमोजे, तोंडावर मास्क आणि वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केलेली हत्यारं हा दवाखान्यांतला नियम झाला. त्याआधी शिकलेल्यांना हे सारं नव्याने शिकावं लागलं.

३. सुपारी. पूर्वी बोट तंबाखूकडे असायचं, सुपारी बिचारी समजली जायची. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं.

म्हणूनच जगात अनेक ठिकाणी या व्यवसायात सतत शिक्षण सक्तीचं आहे. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ठरावीक तासांचं शिक्षण दाखवल्याशिवाय हायजिनिस्टचा परवाना पुढे चालत नाही. आपल्याकडेही भारतीय दंत परिषदेने डॉक्टरांसाठी अशा शिक्षणाच्या गुणांची पद्धत आणली. मात्र नुसती सही करून, चहा पिऊन गुण मिळवले तर ते शिक्षण नव्हे. आपल्या प्रशिक्षणांचं काय होतं, हे आपल्यालाही ठाऊक आहे!

भिवंडीत याचं महत्त्व जास्त का?

रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून तोंडात तंबाखूचा बार धरणारे कामगार आपण रोज पाहतो. अनेक घरांत आजी अजूनही मिसरी लावते आणि नातवंडाच्या दातालाही बोटभर लावून देते. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे आणि महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून. तरी शाळेच्या कोपऱ्यावरची सुपारीची पुडी काही गेली नाही.

सुपारी खाणाऱ्याचं तोंड हळूहळू कमी उघडू लागतं. आतली त्वचा ताठर होते, तिखट लागलं की जळजळ होते. पुढे त्यातून कर्करोगाचा धोका असतो. दात साफ करायला आलेल्या माणसाचं तोंड सर्वात जवळून कोण पाहतं? सफाई करणाराच. त्याला ही खूण ओळखता आली तर माणूस वेळेत वाचेल. त्याचं शिक्षण जुनं असेल, तर तो दात चकचकीत करून पाठवून देईल. फरक एवढा मोठा आहे.

आपण काय करायचं?

पडलेला पक्का दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला. मुळाला हात लावू नका. मळला असेल तर दुधाने किंवा पाण्याने फक्त हलकेच खंगाळा. जमलं तर लगेच जागेवर बसवा, नाहीतर दुधात ठेवा. अर्ध्या तासात, फार तर तासाभरात दवाखाना गाठा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

पालकांनो, सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे पहिली पक्की दाढ येते. कुठलाही दात न पडता ती येते, म्हणून आपण तिला दुधाची समजतो आणि किडू देतो. आज रात्री मुलाला 'आ' करायला सांगा आणि बघा.

शिक्षकांनो, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं. २०१३ मध्ये त्याची सुरुवात पालघरहून झाली. पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. पथक आलं की मुलांना रांगेत उभं करून मोकळे होऊ नका. त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, "दातांविषयी नवीन काय शिकलात?" वर्गातही एक उपक्रम घ्या. मुलांनी घरी विचारून यावं की आजीच्या लहानपणी दात कशाने घासत, आईच्या लहानपणी कशाने आणि आता कशाने. फळ्यावर तीन रकाने करा. ज्ञान कसं बदलत जातं, हे मुलं आपणच सांगतील.

आमच्या शिक्षकखोलीच्या कपाटावर आता एक चिठ्ठी चिकटवली आहे : 'दात पडला तर दूध. कॅन्टीनमध्ये मिळेल.' ती मी दर जूनमध्ये काढतो, सल्ला बदलला नाही ना हे एखाद्या दातांच्या डॉक्टरांना विचारून घेतो आणि मगच पुन्हा लावतो. तुमच्या शाळेतही एक लावा.