कीर्द आणि खतावणी

पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डातील एका फूल-अडत्याच्या पेढीवर, विक्री होत असतानाच तिचे आकडे मालकांना फोनवर दिसावेत, अशी व्यवस्था करून देण्याचे काम मी पत्करले, तेव्हा त्यात विशेष अवघड असे काही मला वाटले नव्हते. बिले करणारी संगणकप्रणाली तेथे आधीपासून होती. तिचा डेटाबेस पोस्टग्रेसचा होता. मी एक वेबपान तयार केले आणि ते त्याच डेटाबेसला जोडून दिले. ते पान दर ५ सेकंदांनी सबंध हंगामाच्या नोंदींतून बेरीज नव्याने मागवीत असे. वाचणारा लिहिणाऱ्याला अडवीत नाही, हा पोस्टग्रेसचा गुण मला ठाऊक होता आणि तेवढ्या भरवशावर मी निर्धास्त राहिलो.

खंडेनवमीच्या पहाटे, झेंडूचे टेम्पो रस्त्यापर्यंत रांगेत उभे असताना, ४ वाजून गेल्यावर बिले निघेनाशी झाली. नोंदींना कोणी कुलूप घातले नव्हते; वाचणाऱ्यांची दाटीच एवढी झाली होती की लिहिणाऱ्याला दारातून आत शिरता येईना. एरवी क्षणात येणारी बेरीज त्या भाराखाली मिनिटभर रेंगाळू लागली, पान मात्र ५ सेकंदांनी नवी मागणी पाठवीतच राहिले, म्हणजे प्रत्येक फोनमागे १२ मागण्या तुंबल्या. मालक, त्यांचे बंधू आणि मुले मिळून ९ फोन चालू होते, म्हणून मागण्या १०८. आणि पोस्टग्रेस एका वेळी जेवढ्या जोडण्या देतो, त्यांची मूळ मर्यादा १००. दिवाणजींनी एक शब्दही न बोलता खणातून जुने बिलबुक काढले, पानांमध्ये कार्बन सरकवला आणि पाकळ्यांनी पिवळ्या झालेल्या बोटांनी हाती बिले लिहावयास आरंभ केला.

मधल्या वेळात बंद ठेवलेले पान मी सहाच्या सुमारास पुन्हा सुरू केले, आणि खरा अनर्थ त्यानंतर घडला. मालकांना आजची विक्री अगदी थोडी दिसली. माल अंगावर पडणार या धास्तीने त्यांनी भाव उतरवला. वस्तुतः विक्री उत्तम झाली होती. हाती लिहिलेली बिले डेटाबेसात चढलेली नव्हती, हे एक कारण. दुसरे माझ्या हातचे. नोंदींची वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे साठवलेली होती आणि दिवसही मी त्याच वेळेने मोजला होता. आपले घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे पहाटे ५.३० पूर्वीची सारी विक्री ‘काल’च्या खाती गेली, आणि त्या दिवसाचा बराच व्यवहार तर त्याच वेळेत झाला होता. मी चाचणी नेहमी दुपारी घेत असे. त्यामुळे हा दोष मला कधी दिसलाच नाही. भावातली ती तूट अखेर शेतकऱ्यांच्या पट्टीत उतरली, याची खंत मला आजही आहे.

पुढे दिवाणजींजवळ बसल्यावर मला जे उमगले, ते जुन्या हिशेबनिसांना शतकानुशतके ठाऊक होते. कीर्द लिहिली जात असताना तीच वही ओढून कोणी खतावणी करीत नाही. जो कोणी चालू धंद्याचे आकडे वेबपानावर आणू पाहत असेल, त्याने प्रथम ही दोन दप्तरे वेगळी करावीत. मूळ डेटाबेसाची वाचनापुरती प्रतिकृती ठेवावी. तीवरही लांबलचक क्वेरी चालवू नये, कारण मूळ नोंदींशी विरोध आल्यास प्रतिकृती अशी क्वेरी रद्द करते, आणि त्यासाठी तिची मूळ मुदत ३० सेकंदांचीच असते. दर मिनिटाला सर्व्हरने एकदाच बेरीज करून ती छोट्या तक्त्यात लिहावी आणि सर्व फोनांना तीच द्यावी. मग फोन ९ असोत वा ९००, डेटाबेसवरचा बेरजेचा भार तोच राहतो. प्रत्येक क्वेरीला वेळेची मर्यादा घालावी. डेटाबेसचा पासवर्ड वेबपानाच्या कोडमध्ये कदापि ठेवू नये. ब्राउझरमध्ये पोचलेला मजकूर कोणासही वाचता येतो.

दिवसाच्या सीमेविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. भारतीय दिवसाचा आरंभ आणि शेवट हे दोन क्षण आधी यूटीसीत काढावेत आणि नोंदीची वेळ त्या दोहोंमध्ये पडते का, एवढेच पाहावे. प्रत्येक नोंदीची तारीख बदलून मग तुलना केल्यास उत्तर बरोबर येते, परंतु वेळेवरचा साधा इंडेक्स निरुपयोगी होऊन बेरीज पुन्हा मंदावते. त्याचप्रमाणे आकड्याखाली तो कोणत्या वेळेपर्यंतचा आहे, ते ठळक लिहावे. ‘अमुक वेळेपर्यंत’ एवढे दोन शब्द त्या पहाटे असते, तर मालक भाव उतरवण्यापूर्वी निश्चित थांबले असते.

नवी व्यवस्था उभी राहिल्यावर मी ती लगेच कोणाच्या हाती दिली नाही. रोज संध्याकाळी दिवाणजी रोजमेळातली रक्कम मोठ्याने वाचीत आणि मी पडद्यावरची सांगत असे. पहिले दोन दिवस रुजवात जमली. तिसऱ्या दिवशी पडद्यावरची रक्कम अधिक भरली, तेव्हा दिवाणजींनी चष्मा पुसला, बिलांचा गठ्ठा सोडला आणि गिऱ्हाइकाने माल परत केल्यामुळे रद्द झालेली तीन बिले काढून माझ्यापुढे ठेवली.