आतड्याची शस्त्रक्रिया आणि कोलेस्टेरॉलचे औषध

आतड्याचा रोगग्रस्त भाग कापून काढल्यानंतर जखम भरून येते, ताप उतरतो आणि रोगी घरी परततो. परंतु पुष्कळदा त्याला दिवसातून अनेक वेळा पातळ शौचास होऊ लागते. मूळचा रोग उलटला, या भीतीने घरची माणसे त्याचे अन्न तोडतात. वास्तविक कारण बहुधा निराळे असते. आणि त्यावरील एक उपाय कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांमध्ये आहे. हा संबंध समजण्यासाठी प्रथम पित्ताचा प्रवास पाहू.

यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले तयार करते. तेलातुपासारखे स्निग्ध पदार्थ पचविण्यास ती मदत करतात. त्यांचा शरीरातील साठा अवघा २ ते ४ ग्रॅम असतो. तरी तो पुरतो, कारण लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे शेषांत्रात, सुमारे ९५ टक्के पित्ताम्ले शोषली जाऊन यकृताकडे परततात. रहाटगाडग्याप्रमाणे हे चक्र दिवसातून अनेक वेळा फिरते. मलावाटे जेवढी पित्ताम्ले जातात, तेवढीच यकृत नव्याने बनविते.

आपल्याकडे क्षयरोग आणि विषमज्वर हे दोन्ही रोग आतड्यात शिरले म्हणजे बहुधा शेषांत्रावरच आघात करतात. क्षयाने तेथील मार्ग अरुंद होतो, तर विषमज्वरातील व्रणामुळे आतड्याला छिद्र पडते. म्हणून जबलपूरसारख्या शहरात, जेथे १९५५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, हा प्रश्न केवळ पुस्तकी नव्हे. शेषांत्र काढले गेले की पित्ताम्ले मोठ्या आतड्यात उतरतात, तेथे पाणी सुटते आणि अतिसार सुरू होतो.

कोलेस्टिरामीन हे औषध राळेसारख्या पदार्थाची भुकटी असते. ती स्वतः शोषली जात नाही. आतड्यातील पित्ताम्लांना बांधून मलावाटे बाहेर नेते. ही तूट भरून काढण्यासाठी यकृत अधिक कोलेस्टेरॉल खर्च करते व रक्तातील त्याचे प्रमाण घटते. अमेरिकेत ३,८०६ पुरुषांवर झालेल्या आणि १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या औषधाने हृदयविकाराचे प्रमाण कमी झाल्याचे दिसले. निरोगी आतड्याच्या माणसाला त्याने मलावरोध होतो. हाच दोष शेषांत्र गमावलेल्या रोग्याला मात्र गुणकारी ठरतो, हे हॉफमन व पोली या संशोधकांनी १९६९ मध्ये दाखविले.

तथापि याला मर्यादा आहेत. साधारणपणे १०० सेंटिमीटरपेक्षा कमी शेषांत्र काढले असेल, तरच हा उपाय लागू पडतो. त्याहून अधिक भाग गेला असल्यास यकृताला पित्ताम्लांची तूट भरून काढता येत नाही. स्निग्ध पदार्थ न पचता बाहेर पडतात आणि मल तेलकट व दुर्गंधीयुक्त होतो. अशा वेळी ही भुकटी उरलीसुरली पित्ताम्लेही काढून घेते व त्रास वाढविते. आतड्याचा मार्ग क्षयाने पुन्हा अरुंद झाला असेल, तर मल घट्ट करणारे औषध धोक्याचे ठरते. ही भुकटी अन्य औषधांनाही अडविते. म्हणून ती औषधे तिच्या एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनंतर घ्यावी लागतात. दीर्घकाळ घेतल्यास अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे कमी पडू शकतात. ब-१२ जीवनसत्त्व शेषांत्रातच शोषले जात असल्याने त्याचीही तपासणी आवश्यक असते.

आज कोलेस्टेरॉलसाठी मुख्यतः वापरली जाणारी स्टॅटिन गटाची औषधे यकृतातील कोलेस्टेरॉलच्या निर्मितीलाच आळा घालतात. ती पित्ताम्ले बांधीत नाहीत. त्यामुळे या अतिसारावर त्यांचा उपयोग नाही. कोलेस्टेरॉलची सर्व औषधे एकच समजणे म्हणूनच चुकीचे होय.

तेव्हा शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकाने आतड्याचा कोणता भाग आणि किती लांबीचा काढला, याची लेखी नोंद रुग्णालयातून मागून घ्यावी व जपून ठेवावी. पुढे कोणतेही औषध सुरू करताना ती डॉक्टरांना दाखवावी. कारण तेच औषध एकाला आराम देईल की दुसऱ्याला अपाय करील, हे पुष्कळ अंशी त्या नोंदीवरूनच ठरते.