केसपेपरच्या भीतीने निदान टाळू नका

पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा. तीन महिने झाले, रात्री झोप नाही, जेवणावर वासना नाही, मैदानावर जाणे बंद. आई आम्हाला बाजूला घेऊन विचारते, "ताई, मानसोपचार ओपीडीत नेलं तर कागदावर नाव येईल. मग पडताळणीत नोकरी जाईल ना?"

हा प्रश्न आम्हाला अनेक घरांत ऐकू येतो. म्हणून नीट समजून घेऊ.

दोन तपासण्या वेगळ्या
चारित्र्य पडताळणी पोलीस करतात. साक्षांकन नमुन्यात पत्ता, शिक्षण, अटक, गुन्हा, खटला यांची माहिती द्यावी लागते. वैद्यकीय तपासणी डॉक्टर करतात. त्या कामासाठी उमेदवाराची प्रकृती योग्य आहे का, एवढे ते पाहतात.

केसपेपर कुणाला दाखवतात?
मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम २३ प्रमाणे रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. न्यायालयाचा आदेश, कुणाच्या जिवाला धोका, सार्वजनिक सुरक्षा असे मोजकेच अपवाद आहेत.

विचारले तर खरे सांगा
वैद्यकीय तपासणीत आजार किंवा औषधे विचारली तर लपवू नका. लपवलेली माहिती उघड झाली तर त्यावरूनच निवड रद्द होऊ शकते. गंभीर मानसिक आजारात शस्त्र हाताळण्याच्या नोकरीसाठी अपात्र ठरवले जाऊ शकते, हेही आम्ही स्पष्ट सांगतो. पण निदान टाळल्याने आजार जात नाही, वाढतो. नैराश्य मात्र औषध आणि समुपदेशनाने बरे होऊ शकते.

नोकरीत असताना आजार झाला तर?
दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६, कलम २० प्रमाणे सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पदही खाली आणता येत नाही. यात मानसिक आजार आणि सिकलसेलही येतात. काही दलांना सरकार यातून सूट देऊ शकते. तरीही २०२१ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सध्याचे काम झेपत नसेल तर पगार कायम ठेवून दुसरे काम द्या. ते बिगरशस्त्राचे असले तरी चालेल.

आज काय करावे?
* जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जा.
* टेलिमानसच्या १४४१६ वर फोन करा. सेवा मोफत आहे, २४ तास, मराठीतही.
* केसपेपर आणि औषधांच्या चिठ्ठ्या फाडू नका, फाईलमध्ये ठेवा. उपचार घेऊन बरे झालो, याचा पुरावा तोच.

त्या आईला आम्ही एवढेच म्हणालो, "भरती पुढच्या वेळीही निघेल. आधी पोरगा सावरू द्या."