आधी अभ्यास, मग उमेदवारी

चि. मृणाल,


शाळेचा राजीनामा देऊन जिल्हा परिषदेला उभं राहायचं तू ठरवलंस, असं ताईनं कळवलं. तिला काळजी वाटते, मला मात्र आनंद झाला. शिकवणाऱ्यांनी राजकारणातून अंग काढून घेतलं की ती जागा ठेकेदार घेतात. पण अर्ज भरण्याआधी प्रा. एन. डी. पाटील यांची वाटचाल नीट समजून घे.

वाळवा तालुक्यातल्या ढवळी गावी, शेतकऱ्याच्या घरात १९२९ साली त्यांचा जन्म झाला. अर्थशास्त्रातले एम. ए. असलेले ते १९५४ ते १९५७ साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात शिकवत होते. पुढचं सारं आयुष्य शेतकरी कामगार पक्षाला आणि चळवळींना दिलं. १८ वर्षं विधान परिषदेत, नंतर १९८५ ते १९९० कोल्हापूरचे आमदार. मंत्रिपद मात्र एकदाच मिळालं : १९७८ ते १९८०, पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारात सहकार खातं. एवढ्या मोठ्या कारकिर्दीत सत्तेची वर्षं दोनच, हा हिशेब मनात पक्का ठेव. खुर्ची नसतानाही त्यांचं काम थांबलं नाही. रायगडातल्या विशेष आर्थिक क्षेत्राला (सेझला) विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांबरोबर ते उभे राहिले आणि २००८ साली तिथल्या २२ गावांत सरकारला जनमत घ्यावं लागलं. कोल्हापूरच्या टोलविरुद्ध ते रस्त्यावर उतरले तेव्हा वयाची ऐंशी उलटली होती. त्यांच्या शब्दाला वजन होतं ते अभ्यासामुळे. आकडे आणि कायदा पाठ करूनच ते बोलायला उभे राहत.

तुलाही तेच करायचं आहे. जिल्हा परिषदेचं अंदाजपत्रक ओळीओळीनं वाच. सेस फंड कुठे जातो, कुठल्या शाळा एका शिक्षकावर चालतात, पाणीयोजना कशामुळे अडली, हे तुला तोंडपाठ हवं. पण गावकरी म्हणजे तुझा वर्ग नव्हे. ग्रामसभेत समजावण्याआधी ऐकून घे. त्यांना त्यांच्या जमिनीचं आणि पाण्याचं तुझ्याहून जास्त कळतं.

आणखी एक. निवडून आलीस की सर्वांत आधी तुझेच जुने सहकारी बदल्यांसाठी दारात येतील. त्यांच्या अडचणी खऱ्या असतील, तरी त्यांना नियमाप्रमाणे अर्ज करायला सांग. एक बदली शब्द टाकून केलीस की तुझ्या दाराची ओळख कायमची तीच होईल, आणि मग शाळांच्या दुरवस्थेवर बोलायला तुला तोंड राहणार नाही.

घरखर्चाचं जावईबापूंशी आत्ताच मोकळेपणानं बोल. पगार थांबल्यावर पैशाची ओढाताण झाली, की भलभलत्या माणसांचे उपकार घ्यावे लागतात.

निवडून आलीस तर पहिल्या सभेला कागद वाचूनच जा. पडलीस तरी हाती घेतलेला गावाचा प्रश्न सोडू नकोस. एवढं जमणार असेल तर खुशाल राजीनामा दे; मी तुझ्या पाठीशी आहे.

तुझा,
मामा