श्वानगृहातील साथ

पनवेल हे रायगड जिल्ह्यातील जुने व्यापारी गाव. मुंबईहून पुण्याकडे व कोकणाकडे जाणारे मार्ग येथूनच फुटतात. अशा वर्दळीच्या शहरात वाहनाखाली सापडलेली किंवा मालकाने टाकून दिलेली कुत्री नेहमीच दृष्टीस पडतात. त्यांना आसरा देणे हे भूतदयेचे कार्य होय. परंतु दयेला ज्ञानाची जोड नसेल, तर आसऱ्याची जागाच साथीचे माहेरघर बनते.

या साथींस कारण होणारे दोन विषाणू विशेष घातक आहेत. पहिला डिस्टेंपरचा. हा माणसाच्या गोवराच्या विषाणूचा जवळचा आप्त. आंरी कारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०५ साली त्याचा छडा लावला. शिंकेच्या व खोकल्याच्या तुषारांतून तो पसरतो. प्रथम ताप येतो, नाकाडोळ्यांतून पाणी गळते आणि पुढे मेंदूवर आघात झाल्यास झटके येतात. दुसरा विषाणू पार्व्होचा. तो १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. वांत्या व रक्ती हगवण यांनी लहान पिले दोन-तीन दिवसांतच दगावतात. हा विषाणू मोठा चिवट असतो. ओलसर, सावलीच्या जमिनीत तो कित्येक महिने तग धरतो. साबणाने तो मरत नाही. ब्लीचिंग पावडरचे द्रावण मात्र त्याचा नाश करते.

पावसात कुडकुडणारे पिलू दाराशी आले, तर त्याला दूर कसे लोटावे? पण निरोगी दिसणाऱ्या पिलाच्या अंगातही रोग दबा धरून बसलेला असतो. त्याला थेट इतरांत सोडले, तर एकाला वाचविताना अनेकांचे प्राण धोक्यात येतात. म्हणून नव्या पिलाला निदान दोन आठवडे वेगळे ठेवतात. त्याची भांडी निराळी असतात, आणि सेवकही निरोगी कुत्र्यांचे काम आधी उरकून मगच त्याच्याकडे जातात. सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून लस देण्यास आरंभ करतात व सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत ती ठरावीक अंतराने पुन्हा देतात. साथ आल्यावर लस शोधणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

हे विषाणू कुंपण जाणत नाहीत. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज परिसरात संशोधकांनी गावकुत्र्यांचे रक्त तपासले, तेव्हा बहुतेक प्रौढ कुत्र्यांना त्यांचा संसर्ग होऊन गेल्याचे आढळले. तेथील माळरानावर कोल्हेही राहतात. २०१८ साली गीरच्या अरण्यात वीसहून अधिक सिंह मेले. त्यांतील काहींच्या शरीरांत डिस्टेंपरचाच विषाणू सापडला.

मुक्या जीवाला आपले दुखणे सांगता येत नाही. ते वेळीच ओळखणे, ही खरी भूतदया होय.

प्रश्न
१. नव्या पिलाला काही दिवस वेगळे का ठेवतात?
२. पार्व्होच्या विषाणूला चिवट का म्हटले आहे?
३. ‘तहान लागल्यावर विहीर खणणे’ या म्हणीचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.