सुखडीचे पाच वाटे



एके शनिवारी पाच विद्यार्थ्यांसाठी चौरस तबकात थापलेली सुखडी आली आणि वाटणीचे काम आमच्याकडे आले. आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. तथापि टेबलावरचा कोनमापक पाहून आम्हांस हुरूप आला. मध्यबिंदूभोवतीचा पूर्ण कोन ३६० अंशांचा. त्याचे पाच भाग केले म्हणजे प्रत्येकी ७२ अंश. कोन समान, म्हणून वाटेही समान, असे मानून आम्ही सुरी चालविली. तुकडे हाती पडल्यावर सर्वांत धाकटा मुलगा एकदा शेजाऱ्याच्या व एकदा आपल्या तुकड्याकडे पाहू लागला. तो बोलला मात्र काही नाही.

घरी येऊन आम्ही आकडेमोड केली. तबकाची बाजू २० सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ४०० चौरस सेंटिमीटर; प्रत्येकाचा वाटा ८० चा व्हावयास हवा होता. पहिला छेद आम्ही एका बाजूच्या मध्यावर घेतला होता. त्यामुळे दोन तुकडे सुमारे ८४ चे, दोन सुमारे ८० चे आणि एक अवघा ७३ चा झाला होता. ज्या तुकड्यात तबकाचा कोपरा आला नाही, तोच लहान राहिला. आणि तोच त्या मुलाच्या वाट्यास गेला होता.

मग योग्य रीत कोणती? कोन न वाटता कड वाटावी. चौरसाची परिमिती ८० सेंटिमीटर. तिचे पाच भाग प्रत्येकी १६ चे. एका कोपऱ्यापासून कडेकडेने दर १६ सेंटिमीटरांवर खूण करावी आणि प्रत्येक खुणेपासून मध्यबिंदूपर्यंत कापावे. मध्यबिंदू चारही बाजूंपासून १० सेंटिमीटरांवर आहे. म्हणून पहिला तुकडा पाया १६ व उंची १० असलेला त्रिकोण. त्याचे क्षेत्रफळ ८०. दुसरा तुकडा कोपऱ्यावरून वळतो. त्याचे दोन त्रिकोण पाडा: पाये ४ व १२, उंची तीच १०, क्षेत्रफळे २० व ६०, बेरीज पुन्हा ८०. उरलेले तीन तुकडे तुम्हीच ताडून पाहा. खरपूस कडही प्रत्येकास सारखीच मिळते, हा आणखी एक लाभ. मात्र सुखडी सर्वत्र सारख्या जाडीची हवी. तसेच लांबट आयताकृती तबकास ही रीत लागू पडत नाही; कारण तेथे मध्यबिंदू चारही बाजूंपासून सारख्या अंतरावर नसतो.

हाच नियम वर्तुळासही लागू आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली सिद्ध केलेल्या ग्रंथातील 'लीलावती' या भागात वर्तुळाचे क्षेत्रफळ काढण्याची रीत दिली आहे: परिघास व्यासाच्या चतुर्थांशाने गुणावे. म्हणजेच परिघाचे समान भाग केले की क्षेत्राचेही समान भाग होतात. सुरतेची घारी असो वा घरची पुरणपोळी, कडेभोवती दोरा धरावा, त्याचे हवे तितके समान भाग करावेत आणि खुणांपासून मध्यापर्यंत कापावे. सहा वाटे हवे असल्यास दोराही नको. त्रिज्येएवढे अंतर परिघावर सरळ रेषेत बरोबर सहा वेळा बसते.

आपल्या डिंडोलीत खानदेशातून आलेली पुष्कळ कुटुंबे आहेत. त्यांनी अभिमानाने स्मरावे की, चाळीसगावाजवळील पाटण येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापिला. १२०७ सालचा तेथील शिलालेख त्याची साक्ष देतो.

आमच्या मातृभाषेत, कोकणीत, वाट्याला 'वांटो' म्हणतात. शब्द थोडा निराळा, न्याय एकच. सोमवारी आम्ही त्या मुलास फळ्यापाशी बोलावून आमची चूक त्याच्याकडूनच मोजून घेतली. आता एवढेच सांगणे की, कापणाऱ्याने आपला वाटा सर्वांच्या मागून घ्यावा. आणि कडेवर खुणा करण्यापूर्वी माणसे नीट मोजावीत. पुरणपोळी लाटणारी आई त्या मोजणीतून सुटता कामा नये. वाट्यांची संख्याच चुकली, तर पुढची सारी भूमिती व्यर्थ होय.