पाऊस पडला दुपारी, पण भरती किती वाजता?

प्रश्न : माझा पुतण्या मुंबईला कुर्ल्यात राहतो. पावसाळ्यात फोन केला तर म्हणाला, "काका, पाऊस कितीबी पडू द्या, फक्त भरतीशी त्याची गाठ पडू नये." आमच्याकडे समुद्र टीव्हीवरच दिसतो. भरतीचा आणि गटार तुंबण्याचा काय संबंध? आणि तुंबलं तर जाब कुणाला विचारायचा? महापौराला?
— एक वाचक, शिरूर अनंतपाळ (जि. लातूर)

उत्तर : पुतण्या पक्का मुंबईकर झालेला दिसतो. त्याचं बोलणं शब्दशः खरं आहे.

तुमच्या गावात पडलेलं पाणी उताराने घरणी नदीला जातं, तिथून मांजरेला, मांजरेतून गोदावरीला. उतार आहे तोवर पाणी आपली वाट काढतं. मुंबईत हा उतारच मुळात नावापुरता. सात बेटांमधल्या खाड्या आणि दलदली बुजवून हे शहर उभं राहिलं, त्यामुळे बेटांचे जुने उंचवटे सोडले तर मधला भाग बशीसारखा खोलगट. दादर-परळकडचा हिंदमाता हा परिसर त्यातलाच एक. शहराचं पावसाचं पाणी समुद्रात आणि खाड्यांत सोडणारी 186 तोंडं आहेत. त्यांपैकी 45 समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत. आणखी 135 सरासरी पातळीच्या वर, पण भरतीच्या पातळीच्या खाली. भरतीच्याही वर उरतात फक्त सहा!

म्हणजे ओहोटी असली की गटार समुद्रात रिकामं होतं आणि भरती आली की समुद्रच गटारात शिरू बघतो. तो शिरू नये म्हणून काही ठिकाणी दरवाजे बसवले आहेत. पण दार लावलं की बाहेरचं पाणी आत येत नाही, तसं आतलंही बाहेर जात नाही. तेवढ्या वेळात वरून धो धो पाऊस आला तर पाणी रस्त्यावरच थांबणार.

भरती रोज दोनदा येते, दोन भरत्यांत साधारण बारा तास पंचवीस मिनिटांचं अंतर. म्हणून तिची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वांत उंच चढतं, त्याला कोळी लोक उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपासची भरती मवाळ, तिला भांग म्हणतात. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या दिवसांची यादी पावसाळ्याआधीच जाहीर होते. तुमच्याकडे पंचांगात मृग कधी लागतो ते बघतात, मुंबईत पालिकेला तिथीही बघावी लागते.

26 जुलै 2005 ला धो धो पाऊस आणि भरती असा योग जुळला. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. तुमच्या जिल्ह्यात अख्ख्या वर्षात सातशे-आठशे पडतो, तोही बराचसा उशिरा, बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांच्या कृपेने. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर 944 मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे 87 हजार लिटर, बारा हजारी टँकर धरले तर सात टँकर भरून वर थोडं. गंमत बघा, त्याच दिवशी तिथून पंचवीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्यात फक्त 73 मिलिमीटर! दुपारी भरतीही होती. जुन्या गटारांची ताकद तासाला 25 मिलिमीटर पावसाची, तीही ओहोटी धरून. शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला, ते तुम्हाला ठाऊक असेल.

गटारांची ही ताकद तासाला 50 मिलिमीटरवर नेण्याची आणि पाणी उपसून समुद्रात टाकणारी आठ उदंचन केंद्रं बांधण्याची योजना 1993 चीच होती. तिला खरा वेग आला तो 2005 च्या तडाख्यानंतर. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह अशा ठिकाणी ही केंद्रं झाली. तिथला एकेक पंप सेकंदाला 6,000 लिटर पाणी फेकतो. तुमचा टँकर तो दोन सेकंदांत रिता करेल.

आता दुसरा प्रश्न. महापौराला जाब विचारा, पण किल्ली त्याच्या कमरेला नाही. मुंबई महापालिका 1888 च्या कायद्यावर चालते. (तेव्हा तुमचं शिरूर निजामाच्या राज्यात होतं.) या कायद्यात कारभाराचा अधिकार आयुक्ताकडे आहे, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. महापौर सभेचं अध्यक्षपद भूषवतो. 227 नगरसेवक ठराव करतात, स्थायी समिती खर्चाला मंजुरी देते, पण नालेसफाईचं काम करून घेणारा माणूस आयुक्तच. या रचनेचं मूळ आर्थर क्रॉफर्ड या पहिल्या आयुक्तापर्यंत जातं. 1865 पासून त्याने शहर झपाट्याने सुधारलं आणि तिजोरीही झपाट्याने रिकामी केली. मग 1871 च्या सुमारास फिरोजशहा मेहतांनी सुचवलं की आयुक्त बलवान असू द्या, पण त्याच्यावर निवडून आलेल्यांचा लगाम हवा. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली, निवडणूक लांबली, आणि कित्येक पावसाळे लगामाविनाच गेले. माझ्या मते मुंबईकरांनी पाण्यापेक्षा याचा जास्त राग धरायला हवा होता.

तुमच्या पुतण्याची अडचण आणखी निराळी. कुर्ला मिठी नदीच्या काठी. 2005 नंतर मिठीसाठी वेगळं प्राधिकरण आलं, पण नदीचं काम महापालिका आणि मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एमएमआरडीए) यांच्यात वाटलं गेलं, तर रुळांखालचे नाले रेल्वेचे. पाणी एकच, पण ते कोणत्या हद्दीत उभं आहे हे आधी ठरवावं लागतं! तुमच्या नगरपंचायतीत सतरा नगरसेवक आणि एक मुख्याधिकारी. कुणाच्या दारात जायचं ते तरी ठाऊक असतं.

एक विचारलं नाहीत, तरी सांगतो. एवढं पाणी समुद्रात फेकणारं हे शहर प्यायला भातसा, तानसा, वैतरणा अशा लांबच्या धरणांतून जलवाहिन्यांनी पाणी आणतं. कारण हद्दीतले विहार आणि तुळशी हे तलाव तुलनेने अगदी छोटे, आणि रस्त्यावर साचलेलं पाणी सांडपाण्यात मिसळलेलं. तुमच्याकडे दुष्काळात, एप्रिल 2016 मध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मुंबईच्या त्या पंपाला तेवढं उपसायला दीड मिनिटही लागत नाही.